हातांचें शिक्षण आणि नमुन्याचें दास्य

लहान मुलांच्या हस्तव्यवसायावरील पुस्तकांस वाङ्मयचर्चेच्या पानांत जागा द्यावी कीं नाहीं, असा प्रश्न कांहीं वाचक विचारतील. हीं पुस्तकें स्वस्त असतात, थोड्याच दिवसांत फाटून जातात, आणि त्यांचा कर्ता कोण हें कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. टीकाकारांनीं त्यांच्याकडे पाठ फिरवावी यांत नवल नाहीं. तथापि प्रौढांच्या हातीं पडणाऱ्या ग्रंथापेक्षां चार वर्षांच्या मुलाच्या हातीं पडणाऱ्या पुस्तकाचा परिणाम अधिक खोल जातो, असें आमचें मत आहे. ‘मला वाचतां येत नाहीं’ हें सांगण्याची ज्यांस लाज वाटते, असे शेंकडों सुशिक्षित लोक ‘मला चित्र काढतां येत नाहीं’ हें मात्र हंसत हंसत सांगतात. जन्मतःच कोणी असें मानीत नाहीं. दोन वर्षांच्या मुलास कोळशाचा तुकडा द्यावा; तें भिंत रंगविल्यावांचून राहत नाहीं. मग ‘मला येत नाहीं’ हा धडा त्याला कोणी तरी केव्हां तरी शिकविलेला असला पाहिजे. तो कोणी शिकविला, याचा शोध घेणें हें टीकाकाराचें काम आहे.

‘सोप्या, कमी खर्चाच्या’ कृतींचीं जीं पुस्तकें आज बाजारांत दिसतात, त्यांचा सांचा बहुतेक ठरलेला आहे. पानाच्या माथ्यावर साहित्याची यादी, त्याखालीं क्रमांक घातलेल्या पांच-सहा पायऱ्या, आणि शेवटीं तयार वस्तूचें झगझगीत चित्र. कागदी ताटलीचा सिंह, कापसाची मेंढी, आइस्क्रीमच्या काड्यांची तसबिरीची चौकट, हे प्राणी व हे पदार्थ एका पुस्तकांतून दुसऱ्या पुस्तकांत बिनभाड्याचा प्रवास करीत असतात. पुस्तकाचा हेतु वाईट नसतो. मुलाचे हात कामांत राहावे, घरांतील रद्दी उपयोगीं पडावी, आणि आईबापांच्या खिशास चाट बसूं नये, हे तिन्ही हेतु स्तुत्यच आहेत. पण चाळीस मुलांच्या वर्गांत चाळीस सिंह तयार झाले, आणि ते सारे एकाच तोंडवळ्याचे निघाले, तर त्या वर्गांत कलेचें शिक्षण झालें कीं कवाईत झाली, हा प्रश्न उरतोच.

आमच्या मतें सर्व घोटाळ्याचें मूळ एका न केलेल्या भेदांत आहे. मुलांच्या हातून होणाऱ्या कृति दोन जातींच्या असतात. पहिल्या जातींत वस्तु स्वतःच परीक्षक असते. कागदाची भिंगरी वाऱ्यावर फिरते किंवा फिरत नाहीं, होडी पाण्यावर तरते किंवा बुडते. तेथें गुरुजींनीं शेरा मारण्याची गरज नसते. चूक कोठें झाली हें वस्तूच दाखविते आणि दुरुस्तीची वाटही तीच सुचविते. दुसऱ्या जातींत बाहेरचा परीक्षक असतच नाहीं. मुलानें काढलेली आई, मातीचा केलेला बैल, फाटक्या कागदांच्या तुकड्यांचें आभाळ, यांत बरोबर आणि चूक हे शब्दच लागूं पडत नाहींत. तें साधलें कीं नाहीं हें त्या मुलासच ठाऊक. पहिल्या जातीच्या कृतीस नमुना उपकारक असतो, कारण भिंगरीची घडी मुलाला आपोआप सुचेलच असें नाहीं. दुसऱ्या जातीच्या कृतीस नमुना घातक असतो, कारण नमुना समोर येतांच मुलाच्या मनांतील बैल निघून जातो आणि पुस्तकांतला बैल तेथें येऊन बसतो. आजचीं पुस्तकें या दोहोंची सरमिसळ करतात, आणि तीहि उलट्या बाजूनें. जेथें मोकळीक हवी तेथें तीं पायऱ्या घालून देतात. आणि जेथें वस्तु चालली पाहिजे, तेथें चांदीचा कागद व टिकल्या चिकटवून न चालणारी मोटार शोभेला मांडून ठेवतात.

हा दोष आजचा नाहीं. बालशिक्षणांत हातकामास शास्त्राचें स्थान प्रथम दिलें तें फ्रीड्रिश फ्रबेल यानें. १८३७ सालीं जर्मनींतील ब्लांकेनबुर्ग येथें त्यानें आपली संस्था काढली, आणि १८४० सालीं तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे बालोद्यान, हें नांव दिलें. लोकरीचे चेंडू, लांकडी गोल, घन, दंडगोल, आणि आठ लहान घनांत विभागलेला मोठा घन, हीं त्याचीं ‘देणगी’ म्हणून प्रसिद्ध झालेलीं साधनें; आणि कागद घडणें, कातरणें, विणणें, टोचणें, शिवणें, माती मळणें हे त्याचे ‘व्यवसाय’. त्यांपैकीं एक व्यवसाय असा होता: वाटाणे भिजवून मऊ करावयाचे आणि त्यांत बारीक काड्यांचीं टोकें खोंचून घराचा, खुर्चीचा, शिडीचा सांगाडा उभा करावयाचा. वाटाणा वाळला कीं सांधा घट्ट बसे. मूठभर वाटाणे व काड्या यांपलीकडे त्यास खर्च नव्हता. एवढ्या निरुपद्रवी उद्योगाची प्रशियाच्या सरकारास भीति वाटली, आणि १८५१ सालीं तेथें बालोद्यानांवर बंदी आली. ती १८६० सालीं उठली, पण ती उठलेली पाहण्यास फ्रबेल जिवंत नव्हता. १८५२ सालींच तो वारला.

फ्रबेलचें नांव न ऐकलेल्या आमच्या खेड्यांतील मुलांनींहि हीच युक्ति साधली आहे. जोंधळ्याचें वाळलेलें धाट घेऊन त्याची साल सोलावी. आंत पांढरें, हलकें भेंड निघतें. सालीच्या चिरफळ्या ह्या काड्या, आणि भेंडाचे तुकडे हे वाटाणे. चिरफळीचें टोंक भेंडांत रुतवीत गेलें कीं गाडीचा साटा तयार होतो, जूं होतें, चाकें होतात. जोंधळ्याची सुगी झालेल्या गांवांत अशी बैलगाडी करणारें पोर सांपडावयास श्रम पडत नसत. ही कृति त्याला कोणत्याहि पुस्तकानें शिकविलेली नाहीं. त्यानें ती थोरल्या भावाची गाडी पाहून उचलली, आणि उचलतांना तींत आपली भर घातली. नमुना होता, पण तो चित्रांतला नव्हता, दुसऱ्या मुलाच्या हातांतला होता, आणि त्याची बरोबरी करण्याची सक्ति कोणी केलेली नव्हती. अनुकरण आणि दास्य यांतील अंतर येथें स्पष्ट दिसतें.

साध्या कागदाच्या घडीत केवढें सामर्थ्य असतें, याचें उदाहरण आपल्याच देशांत आहे. मद्रास इलाख्यांतील टी. सुंदर राव यांनीं फ्रबेलच्या कागद-घड्यांवरून स्फूर्ति घेऊन १८९३ सालीं ‘जिऑमेट्रिक एक्सरसाइझेस इन पेपर फोल्डिंग’ हें पुस्तक मद्रासेंत प्रसिद्ध केलें. पट्टी-कंपासाचा आश्रय न करतां, नुसता कागद दुमडून चौरस, समभुज त्रिकोण, पंचकोन कसे मिळवावे हें त्यांत दाखविलें आहे. फेलिक्स क्लाइनसारख्या जर्मन गणितज्ञानें त्याचा उल्लेख केला, आणि १९०१ सालीं त्याची अमेरिकन आवृत्ति निघाली. बालवाडींतल्या खेळाचा धागा धरून एक मनुष्य भूमितीच्या गाभ्यापर्यंत गेला, याचें कारण हेंच कीं, घडी ही पहिल्या जातीची कृति आहे. कोपरा कोपऱ्यावर बसला कीं बसला. तेथें खुशामत चालत नाहीं.

परंतु फ्रबेलच्या अनुयायांनीं ह्या व्यवसायांचे काय केलें? त्यांनीं त्यांचे क्रम लावले, चौकटी आंखल्या, टोचावयाच्या ठिपक्यांचे छापील कागद काढले, आणि साहित्याचे कारखाने उघडले. जें मुलाच्या कुतूहलासाठीं होतें तें शिक्षिकेच्या वेळापत्रकासाठीं झालें. पुढें मारिया मोंटेसोरी आल्या. त्यांच्या पद्धतींत मुलाच्या स्वातंत्र्याचा आदर आहे, यांत शंका नाहीं. पण मोकळ्या चित्रकलेविषयीं त्यांस फारसा विश्वास नव्हता. आधीं हात व डोळा तयार व्हावा, रेघ आपोआप सुधारेल, अशी त्यांची धारणा. शिवाय त्यांचें साहित्य अचूक मापाचें, म्हणून महाग. १९३९ सालीं त्या हिंदुस्थानांत आल्या आणि महायुद्धामुळें येथें वर्षानुवर्षें राहिल्या. त्यांची पद्धति शहरांतून पसरली. खेड्यांतल्या मुलाचें काय, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

त्याचें उत्तर ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं दिलें. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर ताराबाईंनीं १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघाचें काम उभें केलें होतें. १९४५ सालीं त्यांनीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील बोर्डी येथें खेड्यांतील मुलांसाठीं प्रयोग आरंभिला, आणि पुढें तो कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत नेला. मुलें शाळेंत येत नाहींत तर शाळाच अंगणांत न्यावी, गुरें राखणारीं मुलें रानांत असतील तर शाळा कुरणांत भरवावी, हा त्यांचा मार्ग. अशा शाळेस परदेशी पेटी परवडणार नव्हती, आणि तिची गरजहि नव्हती. शिंपले, बिया, पानें, खडे, काड्या, माती हें साहित्य भोंवतालीं पडलेलें होतें. ‘कमी खर्चाचें’ या शब्दास येथें खरा अर्थ आला. तो गरिबीशीं केलेली तडजोड नसून, मुलाचें जग हेंच त्याचें साधन मानण्याची दृष्टि आहे. गरीब मुलाला श्रीमंत मुलाच्या खेळण्याची नक्कल स्वस्तांत करून देणें निराळें, आणि त्याच्या हातीं आधींच असलेल्या संपत्तीची ओळख करून देणें निराळें. आमच्या बहुतेक पुस्तककारांस पहिलेंच सुचतें.

दुसऱ्या जातीच्या कृतींचा कैवार घेणाऱ्यांत व्हिएन्नाचे फ्रान्झ चिझेक यांचें नांव अग्रभागीं आहे. १८९७ सालीं त्यांनीं मुलांचा कलावर्ग काढला. मुलाला शिकवूं नका, वाढूं द्या, असा त्यांचा आग्रह. १९२० सालीं लंडनमध्यें त्यांच्या मुलांच्या चित्रांचें प्रदर्शन झालें आणि तें फार गाजलें. तरीहि त्या वर्गांतील छापचित्रें आज पाहिलीं तर तीं बरीचशीं एकाच वळणाचीं वाटतात. गुरूनें तोंडानें नमुना दिला नाहीं तरी त्याच्या आवडीचा नमुना हवेंत असतोच, हें त्यावरून समजतें. त्याच शहरांत शिकलेल्या व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनीं १९४७ सालच्या आपल्या ग्रंथांत मुलांच्या चित्रांचा वयोगटांनुसार विकास सांगितला. दुसऱ्या वर्षापासून सुमारें चौथ्या वर्षापर्यंत रेघोट्यांचा काळ, त्यानंतर सातव्या वर्षापर्यंत माणूस, घर, झाड यांच्या खुणा शोधण्याचा काळ, असे टप्पे त्यांनीं मांडले. आणि रंग भरण्याच्या छापील पुस्तकांचा स्पष्ट निषेध केला. मुलानें कुत्र्याचें चित्र काढलें तर त्यांत त्याचा आणि कुत्र्याचा संबंध येतो, त्याची भीति येते, माया येते. छापील बाह्यरेषेंत रंग भरतांना त्याला एकच चिंता असते, ती रेषेबाहेर न जाण्याची. हा आक्षेप आम्हांस सर्वथा ग्राह्य वाटतो. आमच्या बालवाड्यांनीं त्याकडे पाहिलेंहि नाहीं; तेथें रेषेच्या आंत रंगविणारें मूल हुशार आणि बाहेर जाणारें मूल धांदरट ठरतें.

पहिल्या जातीच्या कृतींचें आजचें सर्वोत्तम वाङ्मय कोणतें, असें विचारल्यास आम्ही अरविंद गुप्ता यांच्या पुस्तकांकडे बोट दाखवूं. कानपूरच्या तंत्रशास्त्र-संस्थेंतून अभियंता झालेल्या ह्या गृहस्थांनीं १९७८ च्या सुमारास होशंगाबादच्या विज्ञानशिक्षणाच्या कार्यक्रमांत भाग घेतला, आणि पुढें पुण्यास आयुका संस्थेच्या मुलांच्या विज्ञानकेंद्रांत २००३ पासून दहा वर्षांहून अधिक काळ काम केलें. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, एवढ्या सामग्रींतून त्यांनीं आकृत्यांचे सांगाडे उभे केले. फ्रबेलच्या वाटाण्याचें व जोंधळ्याच्या भेंडाचेंच हें तिसरें रूप. काड्यांचा त्रिकोण ढकलून पाहावा, तो जागचा हलत नाहीं. चौकोन ढकलला तर कलतो. त्याला कर्णाची काडी घातली कीं ताठ उभा राहतो. पुलाचा आणि छपराचा सांगाडा त्रिकोणांचा कां असतो, हें सहा वर्षांच्या मुलाच्या बोटांस समजतें. शब्द पुढें केव्हांहि येवोत. गुप्ता यांनीं आपलीं पुस्तकें सर्वांस विनामूल्य वाचावयास खुलीं केलीं, हें त्यांच्या ‘कमी खर्चा’च्या सिद्धान्ताशीं सुसंगतच आहे. त्यांची मर्यादाहि सांगितली पाहिजे. त्यांच्या पुस्तकांत मुलाच्या मनांतील आकृतीस वाव थोडा. तेथें निसर्गाचा नियम बोलतो, मूल ऐकतें. हा त्या पुस्तकांचा दोष नव्हे. पण विज्ञानाचें खेळणें दिलें म्हणजे कलेचेंहि काम झालें, असें जे शिक्षक समजतात, त्यांची ती चूक आहे.

बक्षिसाचा प्रश्न याच संदर्भांत येतो. अमेरिकेंत लेपर, ग्रीन व निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनीं १९७३ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रें काढण्याची आवड असलेल्या तीन ते पांच वर्षांच्या मुलांपैकीं कांहींस, चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असें आधीं सांगितलें. कांहींस न सांगतां नंतर दिलें. कांहींस मुळींच दिलें नाहीं. पुढें कांहीं दिवसांनीं मोकळ्या वेळांत पाहिलें, तों बक्षिसाची आशा दाखविलेलीं मुलें इतरांच्या सुमारें निम्माच वेळ चित्रांत घालवितांना दिसलीं. आवडीचें काम मजुरीचें झालें कीं मजुरी थांबतांच कामहि थांबतें. शाळांच्या प्रदर्शनांतून मांडलेल्या ‘सुबक’ वस्तूंकडे पाहतांना आम्हांस ह्या प्रयोगाची आठवण होते. शिवाय त्या वस्तूंवर मुलाचें नांव असलें तरी हात बहुधा आईचा असतो, ही गोष्ट शिक्षक, आई आणि मूल ह्या तिघांसहि ठाऊक असते. सहा वर्षांच्या मुलास सर्वांच्या संमतीनें शिकविलेला हा पहिला खोटेपणा होय.

आतां कृतींचाच थोडा विचार करूं. भेंडी आडवी कापून तिचें तोंड गेरूच्या पाण्यांत बुडवावें आणि कागदावर दाबावें. बहुधा पांच पाकळ्यांचें फूल उमटतें. ही कृति बहुतेक पुस्तकांत असते. पण पुस्तक लगेच ‘या फुलांची परडी करा’ असें सांगून मोकळें होतें. तसें न सांगतां मुलापुढें भेंडी, बटाटा, पिंपळाचें पान व करवंटीचा तुकडा ठेवले, तर कोणाचा ठसा कसा उठतो हें तें स्वतः शोधतें, आणि ठशांचें काय करावयाचें हेंहि तेंच ठरवितें. कागदावर हळदीचा लेप देऊन तो वाळवावा, आणि कपडे धुण्याच्या साबणाच्या पाण्यांत काडी बुडवून त्यावर रेघ ओढावी. पिवळ्यावर तांबडी रेघ उमटते. येथें दोन्ही जाती एकत्र येतात: रंग बदलण्याचा नियम हळदीचा, चित्र मुलाचें. ज्या मुलास अजून कात्री धरतां येत नाहीं, त्याला जुनें वर्तमानपत्र फाडूं द्यावें. उभें फाडलें तर सरळ पट्टी निघते, आडवें फाडलें तर वेडीवांकडी. कागदालाहि वळण असतें हें त्याला कळतें, आणि कणकेच्या खळीनें तुकडे चिकटवितांना बोटांस बळ येतें. पोळ्याच्या किंवा बेंदराच्या सणास मातीचे बैल होतात, दिवाळींत अंगणांत किल्ले होतात. तेथें मुलाच्या हातास आमच्या परंपरेनें आधींच जागा दिलेली आहे, आणि कुंभाराचा सुबक बैल विकत आणून आम्ही ती काढून घेऊं नये. बियांची चित्रें करवितांना एक सावधगिरी मात्र अवश्य घ्यावी. गुंज दिसावयास मोहक, पण विषारी आहे. आणि तीन वर्षांखालील मुलाच्या हातीं चिंचोका किंवा वाटाणा देणें म्हणजे तो नाकांत वा घशांत जाण्याची वाट पाहणें होय. पुस्तकांतील साहित्याच्या यादींत ही सूचना क्वचितच आढळते.

यावर शिक्षक असें म्हणतील कीं, वर्गांत साठ मुलें असतां प्रत्येकाच्या मनांतील बैल कसा सांभाळावा? नमुना दिला म्हणजे निदान शांतता राहते. आणि बुजरें मूल नमुन्याच्या आधारानें हात तरी उचलतें. हा आक्षेप खोटा नाहीं. साठ मुलांवर एक शिक्षक ठेवणाऱ्या व्यवस्थेचा दोष त्या शिक्षकाच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. परंतु ओल्या मातीचा गोळा वांटण्यास जेवढा वेळ लागतो, त्यापेक्षां साठ ताटल्या कापून, डोळे आंखून ठेवण्यास अधिक लागतो, हेंहि लक्षांत घ्यावें. बुजऱ्या मुलास आधार हवा असतो तो सुरुवातीचा, शेवटाचा नव्हे. माती कशी मळावी, खळ किती लावावी, कागद कसा धरावा, हें दाखवावें. काय करावें हें दाखवूं नये. हात शिकवावा, मन शिकवूं नये, असें थोडक्यांत म्हणतां येईल.

आणखी एक शंका उलट बाजूनें येते. १९३७ सालच्या वर्धा-योजनेंत हस्तव्यवसाय हा सात ते चौदा वर्षांच्या शिक्षणाचा कणा मानला होता, आणि त्यांतून शाळेचा कांहीं खर्च निघावा अशी अपेक्षा होती. तेव्हां मुलाच्या हातकामाचें मोल वस्तूंत कां मोजूं नये? सात वर्षांवरील मुलांपुरता तो वाद वेगळा आहे, आणि त्यांत दोन्ही बाजूंस जाणते लोक होते. पण चार-पांच वर्षांच्या मुलाच्या कृतीस बाजारची किंवा प्रदर्शनाची किंमत लावली कीं तें मूल कारागीर होत नाहीं, केवळ मजूर होतें. विणकराचा वा कुंभाराचा मुलगा बापाच्या शेजारीं बसून जें शिकतो तें मोठें शिक्षण आहे. तथापि त्यालाहि बापाची नजर चुकवून केलेल्या वेड्यावांकड्या चिमुकल्या मडक्याचा हक्क असलाच पाहिजे.

साहित्य स्वस्त कां असावें, याचें खरें कारण येथें सांगतों. महाग कागदावर मूल भीत भीत रेघ ओढतें, कारण तो वायां गेला तर कोणी तरी रागावणार असतें. रद्दीच्या कागदावर तें दहादां ओढतें, दहादां खोडतें, आणि अकराव्या वेळीं त्याला हवें तें सांपडतें. स्वस्ताईचा लाभ पैशांत थोडा आणि निर्भयतेंत फार. म्हणूनच बाजारांतून सर्व भाग कापून आणलेली, दोन-चारशें रुपयांची ‘हस्तकलेची पेटी’ आम्हांस सर्वांत गरीब साधन वाटतें; तींत चूक करण्यासाठीं एकहि जादा तुकडा ठेवलेला नसतो.

मराठींत ह्या विषयावर चांगल्या पुस्तकाची जागा अद्याप रिकामीच आहे, असें आम्ही समजतों. तें पुस्तक लिहिणारानें भिंगरी, होडी, धाटाची गाडी यांच्या पायऱ्या स्वच्छ आकृतींनीं दाखवाव्या, आणि त्या वस्तु खरोखर चालतात याची आधीं स्वतः खात्री करून घ्यावी. माती, ठसे, रंग व कागदाचे तुकडे यांच्या प्रकरणांत मात्र साहित्य व त्याची निगा सांगून थांबावें, आणि तयार वस्तूचें चित्र छापण्याचा मोह आवरावा. कोंकणांतल्या मुलास शिंपला व माडाची झांवळी, देशावरच्या मुलास धाट व चिखल, आणि शहरांतल्या मुलास वर्तमानपत्र व पुठ्ठ्याचे खोके सुचवावे. असें पुस्तक दिसावयास साधें आणि कदाचित् कमी आकर्षक होईल, व प्रकाशक कुरकुर करतील. तरी तें निघावें, आणि निघाल्यास त्याचा परामर्श घेण्यास आम्हांस आनंद वाटेल.